पाठीमागून मारलेली हाक

मंगळवारी सकाळी तू अंगणवाडीचं कुलूप उघडलंस, सतरंजी अंथरलीस आणि भिंतीला पाठ टेकून बसलीस. मुलं आली. मदतनीस शोभाबाई पाणी भरून आत आली आणि तिनं तुला काही विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस. तुला घेऊन कारंज्याच्या दवाखान्यात पोहोचलो, तेव्हा डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

वहिनी, तेव्हापासून तुला एक गोष्ट सांगायची आहे आणि मी ती रोज पुढे ढकलते आहे. तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीच्या मंडपात सगळे तुझ्याबद्दल बोलले. सरपंच बोलले, पर्यवेक्षिका बोलल्या, तुझ्या हाताखालून गेलेली आणि आता स्वतःच आईबाप झालेली माणसं बोलली.  मग माइक माझ्याकडे आला. मी हात जोडले आणि तो पुढे दिला. लोकांना वाटलं, नणंदेला हुंदका आवरला नसेल. हुंदका नव्हता. तुझ्याशी भांडण अर्धं राहिलं होतं, आणि भांडण अर्धं असताना माणसाची स्तुती कशी करायची, ते मला कळत नव्हतं.

आपल्या दोघींच्या नोकऱ्या एकाच आवारात. तुझी अंगणवाडी, माझा पहिलीचा वर्ग आणि मध्ये एक भिंत. तुझ्याकडून निघालेलं मूल जूनच्या शेवटी शाळा उघडली की माझ्याकडे यायचं. इतकी वर्षं मी तुझीच मुलं शिकवली. घरी एका चुलीवर स्वयंपाक आणि एका ताटलीत पोह्याचे दोन घास, त्यामुळे शाळेतला वाद घरी यायचा आणि घरातला शाळेत जायचा. मी पुस्तकं वाचून यायची. मूल कितव्या वर्षी काय करतं, हातात खडू नीट धरायला बोटांना आधी काय काय करावं लागतं, असं काही वाचलं की तुला सांगायची. तू गोधडीला टाका घालत ऐकायचीस आणि शेवटी विचारायचीस, "नणंदबाई, तुह्या पुस्तकातल्या पोट्ट्याले शेंबूड येते का?"

मला राग यायचा. पण तुझी मुलं माझ्याकडे यायची, तेव्हा त्यांची बोटं तयार असायची. चिखल मळून, मणी ओवून, हरभरा निवडून तयार झालेली बोटं. गावातल्या आयांना कारंज्याच्या इंग्रजी शाळेतल्यासारखी पाटीभर अक्षरं हवी असायची. तू त्यांना दारातच सांगायचीस की अक्षरं नणंदबाईच्या दुकानात मिळतात, इथं नुसतं खेळणं मिळते. त्या हसायच्या आणि मूल ठेवून जायच्या. त्यांना हसवून परत पाठवणं मला कधी जमलं नाही.

आणि तुझी ती चुकायची रीत. तू मांजराचं चित्र वर धरून गंभीर तोंडानं म्हणायचीस, "हे पाहा म्हैस." सगळी सतरंजी ओरडायची. तू म्हणायचीस, म्हैसच आहे, मी सकाळीच तिचं दूध काढलं. मग जे मूल महिनाभर तोंड उघडत नव्हतं, त्यालाही ते सहन व्हायचं नाही आणि ते उठून सांगायचं की बाई, मांजर आहे ते. मुलाला बोल म्हणायचं नाही, त्याला बोलावंसं वाटेल इतकं मोठं चुकायचं, हे तुझं म्हणणं. ते मी माझ्या वर्गातही उचललं. तुला कधी सांगितलं नाही.

चंदाही त्या मांजराला हसायची. तिचंच सांगायचं आहे.

चंदा टोल्यावरची, गावाबाहेरच्या वस्तीतली. जंगल खात्याच्या कामावर जाणाऱ्या इंदूची धाकटी. टोल्यावरची ती चार घरं घरात अजून गोंडी बोलतात, बाजारात मराठी. चंदा पहिल्या दिवशी आली तेव्हा तीन वर्षांची होती आणि अजिबात बोलली नाही. दुसऱ्या वर्षीही बोलली नाही. पण ती रडायची नाही, पळून जायची नाही, तुझ्या अगदी समोर बसायची आणि तू जे करशील ते करायची. तुझं ते ट्रकचं गाणं, तूच रचलेलं: ट्रक चालला नागपूरला, चढणीवर हळूहळू, उतारावर भर्रकन. मुलं हातांनी चाक फिरवायची, कमरेत वाकून चढण चढायची, मग भर्रकन गोल फिरायची आणि ब्रेक लागला की धपकन बसायची. हायवेलगतच्या गावातली मुलं ती, ढाब्यावर उभे राहणारे ट्रक रोज बघणारी. चंदाचा ब्रेक सगळ्यांत छान लागायचा. तू मला भिंतीपलीकडून बोलावून दाखवायचीस. "पाहा, एकही हात चुकला का? समजते तिले सगळं. फक्त आपली बोली तोंडात याची हाय."

तुझा विचार पक्का होता. घरात वेगळी भाषा असलेलं मूल आधी नुसतं ऐकतं, साठवतं आणि मग एक दिवस बोलतं. हे तू टोल्यावरच्या कितीतरी मुलांत पाहिलं होतं. माझ्या पुस्तकांतही तेच होतं आणि त्याचा तुला गुपचूप आनंद झाला होता. इंदू घ्यायला आली की तू तिला सांगायचीस, "घरी तुमच्याच बोलीत बोलजो तिच्याशी. इथली फिकर नोको करजो, इथलं मी पाहतो." इंदू मान डोलवायची.

आरोग्य तपासणीचं पथक आलं तेव्हा मूल बोलत नाही म्हणून डॉक्टरांनी चंदाचं नाव बाजूला लिहायला घेतलं आणि तू त्यांच्या कागदावर हात ठेवलास. मी खिडकीतून पाहत होते. तू आवाज चढवला नाहीस. म्हणालीस की लिहायचं असेल तर आधी तिच्या भाषेत तिला प्रश्न विचारणारा माणूस आणा. त्या दमलेल्या तरुण डॉक्टरांना अजून दोन गावं करायची होती. त्यांनी नाव लिहिलं नाही.

त्या हातामागे सूरज होता, हे मला माहीत होतं. सूरज टोल्यावरचाच. आपण दोघी नव्या होतो तेव्हाचा. कुणीतरी घाईत त्याच्या नावापुढे 'मंदबुद्धी' असं लिहिलं होतं. तो घाबरट होता, एवढंच. पण तो शब्द त्याच्यासोबत वर्गावर्गात चढत गेला. कुणी त्याला प्रश्न विचारेना, कुणी फळ्यापाशी बोलावेना, आणि शेवटी तो स्वतःच यायचा थांबला. आता तो ढाब्यावर ट्रकांचं पंक्चर काढतो आणि तोंडी हिशेब असा करतो की ड्रायव्हर लोक थक्क होतात. तू तिथून जाताना मान खाली घालायचीस. लिहिणारी तू नव्हतीस, तरी.

म्हणून त्या रविवारी ओला हरभरा सोलताना मी म्हटलं की वहिनी, एकदा चंदाचे कान तपासून घेऊ, तेव्हा तू शेंग हातातच धरून ठेवलीस.

"कान ठणठणीत हाय तिचे. टरक आला का सगळ्याच्या आंधी तेच पाह्यते दाराकडे."

मी म्हटलं, असतील ठणठणीत. पण नसतील तर वेळ जातो आहे. बोलणं शिकायचं एक वय असतं आणि ते वाट पाहत नाही.

"आन असले तं? एक डाव कागदावर चढलं का जलमभर उतरत नाई. सूरजचं पाह्यलं ना तुनं." मग म्हणालीस, "मले जूनपर्यंत टाइम दे, कुंदा. नाईच बोलली तं मीच येतो तुह्यासंगं तिले घेऊन."

मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. दादानं आतून चहाचं विचारलं आणि तू उठलीस. भांडण तिथंच राहिलं. दोन दिवसांनी मंगळवार आला.

त्या मंगळवारची एक गोष्ट गावानं आता कथेसारखी करून टाकली आहे. शोभाबाई किंचाळली तेव्हा सगळी मुलं उठून माझ्या वर्गाकडे धावली. चंदा तेवढी तुझ्यासमोर बसून राहिली, तुझ्या तोंडाकडे पाहत. मी धावत आले तेव्हाही ती तशीच बसली होती. मंडपात हे दोघांनी तरी सांगितलं. मुकी पोरगी, पण बाईला सोडून गेली नाही. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मीसुद्धा.

तू गेल्यावर शेजारच्या गावच्या सेविकेकडे तुझ्या अंगणवाडीचा जादा भार दिला. ती येते तेव्हा येते. इतर दिवशी शोभाबाई मुलं सांभाळते आणि मी माझ्या मुलांना काहीतरी लिहायला देऊन थोडा वेळ तिकडे जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा सतरंजी तशीच अंथरलेली होती, तोंड तुझ्या भिंतीकडे करून मुलं बसली होती आणि भिंतीपाशी तुझी जागा मोकळी होती. मला तिथं बसवेना. मी मुलांच्या मागे, खिडकीखाली बसले. तिथूनच म्हटलं, चला, ट्रक नागपूरला नेऊ, आणि गाणं सुरू केलं.

मुलांनी चाकं हातात घेतली. चंदा नुसती बसली होती. मग तिनं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि चाक हातात घेतलं. मुलं चढण चढली, चंदा त्यांच्याकडे पाहून चढली. ब्रेक लागला, सगळी धपकन खाली आणि चंदा एकटी फिरत होती. मुलं हसली. तिला त्यांची तोंडं दिसली तेव्हा ती बसली, तीही हसली.

मी गाणं थांबवलं. तिला नावानं हाक मारली. मोठ्यानं. पुन्हा मारली. बाकीची मुलं वळून माझ्याकडे बघायला लागली आणि ती बघत आहेत म्हणून मग चंदाही वळली. मी शोभाबाईला खुणेनं म्हटलं, थाळी पाड. तिला वाटलं, मला भोवळ येते आहे. तिनं हातातली थाळी खरोखरच टाकून दिली आणि माझ्याकडे धावली. फरशीवर ती थाळी किती वेळ वाजत होती. मुलं दचकली, एक तर रडायला लागलं. चंदा तोवर मणी ओवायला बसली होती, ती ओवतच राहिली.

मी स्वतःला सांगत होते की असं नसेल. आणि तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक गेला आणि चंदानं सगळ्यांच्या आधी दाराकडे पाहिलं. वहिनी, तुला काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. मलाही तेच वाटलं. बघ, ऐकू येतं. मग मी फरशीवर तळहात टेकला आणि पुढच्या ट्रकची वाट पाहत बसले. तो आला. आवाजाच्या आधी तो हाताला कळला. चंदाचे अनवाणी पाय सतरंजीबाहेर फरशीवर असायचे.

तुझ्या सगळ्या गाण्यांना हात होते, वहिनी. एकही गाणं नुसतं तोंडाचं नव्हतं. ऐकू न येणाऱ्या मुलाला तुझ्या अंगणवाडीत एकदाही चुकायची वेळ येत नव्हती. ती मांजराला हसायची, कारण सगळे हसायचे. आणि तू कायम समोर बसायचीस, म्हणून तुला तिचा चेहरा नेहमी वेळेवर दिसायचा. मागे बसायची वेळ तुझ्यावर कधी आलीच नाही. माझ्यावर आली, ती तुझ्या जागेवर बसवत नव्हतं म्हणून.

शाळा सुटल्यावर मी टोल्यावर गेले. इंदू मोहफुलं वाळत घालत होती. मी तिला विचारलं की घरी चंदा काय काय बोलते. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तिची परीक्षा घेते आहे.

"घरी नाईच बोलत ते, बाई. मले वाटलं, साळंत मराठी बोलून राह्यली म्हणून आपली बोली इसरली. मोठ्या बाईनं सांगतलं होतं ना, इथलं मी पाहतो म्हणून."

मी तिथंच ओट्यावर बसले. तुला वाटत होतं, ती घरी बोलते. तिला वाटत होतं, ती तुझ्याकडे बोलते. दोघींनी एकमेकींना विचारलं नाही. तू विचारलं नाहीस, कारण घरच्या बोलीची चौकशी केली की टोल्यावरच्या आयांना ती कमीपणाची वाटते आणि त्या घरातसुद्धा बाजारची मराठी बोलायला लागतात. तू हे पाहिलं होतंस. तिनं विचारलं नाही, कारण बाईंना काय विचारायचं. इतक्या चांगुलपणानं दोन बाया गप्प राहिल्या आणि मध्ये चंदा.

परतताना शोभाबाई वाटेत भेटली. तिला सगळं समजलं होतं. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "गावात नोको सांगजो, बाई. मोठ्या बाईच्या ध्यानात आलं नाई म्हणतीन लोकं." ती रडत होती. तिला तुझी काळजी होती. मला वाटलं, मलाही आहे, पण आता ती करायची कुणासाठी?

तपासणीसाठी वर्ध्याला जायचं होतं. सकाळच्या एसटीनं आर्वीवरून गेलो, मी, इंदू आणि चंदा. आंजी आलं तेव्हा मी खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. तुझं माहेर. बसमध्ये चढणारी एखादी बाई तुझ्या चालीची निघाली असती तर मला सहन झालं नसतं. चंदा मात्र काचेला नाक लावून सगळं पाहत होती. बस थांबली की तिचं बोट वर, सुटली की खाली. दवाखान्यात तपासणीसाठी मुलाला झोपवावं लागतं आणि चंदा झोपेना. औषध पाजलं तरी झोपेना. नवीन जागेत डोळे मिटायला ती तयार नव्हती. आता मला कळतं का ते. डोळे मिटले की तिच्यासाठी काहीच उरत नाही. शेवटी सिंदी मेघेला माझ्या मावसबहिणीकडे मुक्काम करावा लागला. दुसऱ्या दिवशी इंदूच्या मांडीवर ती झोपली आणि तिच्या डोक्याला तारा लावल्या. इंदू सगळा वेळ तिची पावलं धरून बसली होती.

दोन्ही कान. बरंच कमी ऐकू येतं, जन्मापासूनच असावं. कानाला मशीन लावली तर आवाज पोहोचेल, मग बोलणं शिकवावं लागेल, आणि किती येईल ते आत्ता सांगता येणार नाही. तपासणाऱ्या मुलीनं हे शांतपणे सांगितलं. मग विचारलं, "आधी कुणाच्या लक्षात आलं नाही?" मी म्हटलं, नाही. एवढंच. पथकाचं सांगितलं नाही, तुझ्या हाताचं सांगितलं नाही. ते लपवण्यासाठी नाही. ते एका वाक्यात मावणारं नव्हतं आणि बाहेर रांग होती.

ती पुढे म्हणाली की मूल चेहऱ्याकडे फार छान बघतं, घाबरत नाही, समोरच्याशी खेळायला तयार असतं, कुणीतरी चांगली मेहनत घेतली आहे, पुढच्या शिकवण्याला याचा उपयोग होईल. इंदूनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत तू होतीस. वहिनी, माझ्याही असायला हवी होतीस, पण मला राग आला. मला हे प्रशस्तिपत्र तुझ्यासाठी घ्यायचं नव्हतं. मला तू हवी होतीस, त्या बाकावर, शेजारी, म्हणजे मी म्हणू शकले असते, बघ, मी म्हटलं होतं. आणि तू काहीतरी बोलली असतीस. तू काय बोलली असतीस याचा मी रोज विचार करते आणि दर वेळी मला तुझं फक्त गप्प तोंड दिसतं. तू हे कसं सोसलं असतंस? कधी कधी वाटतं, तुला हे कळायच्या आत तू गेलीस ते बरं झालं. आणि मग असं वाटल्याबद्दल मला स्वतःची भीती वाटते.

तुला शंका आली होती का? हे एकच मला खरंच विचारायचं आहे. हरभरा सोलताना तू शेंग हातात धरून ठेवली होतीस. जूनपर्यंत टाइम दे, असं म्हणणाऱ्या माणसाला थोडी तरी शंका असते. की तू फक्त माझी समजूत काढत होतीस?

आणि त्या मंगळवारी चंदा तुझ्यासमोर बसून राहिली, ती माया होती की शोभाबाईची किंकाळी तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती, हे मी गावाला सांगितलेलं नाही. मलाच माहीत नाही. ती तुझ्या तोंडाकडे पाहत होती, आता बाई काय करायला सांगते याची वाट पाहत. दोन्ही असेल.

इंदूला मी सगळं सांगितलं. शोभाबाईनं नको म्हटलं होतं तेही आणि पथकाचंही. परतीच्या एसटीत, आर्वी यायच्या आधी. वाटलं होतं, ती चिडेल. तिनं चिडायला हवं होतं, निदान माझ्यावर तरी. ती बराच वेळ चंदाच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग तिनं जे विचारलं त्यानं माझी झोप गेली आहे.

"आता कोन्त्या बोलीत बोलू मी तिच्याशी, बाई?"

दवाखान्यात सांगितलं होतं, एकच भाषा ठेवा, घोळ करू नका, शाळा मराठी आहे तर घरीही मराठी बोला. इंदूनं तिथं मान डोलवली होती. बसमध्ये ती म्हणाली की तिला मराठी बाजारापुरती येते. भाव विचारता येतो, रागावता येतं. पण पोरीला न्हाऊ घालताना, भाकर भरवताना, पाखरू दाखवताना तिच्या तोंडात ती येत नाही. मुकाट होते ती. "मराठीत मी तिच्यावानीच मुकी हावो," ती म्हणाली आणि हसली.

आपलं जुनं भांडण एसटीत माझ्या मांडीवर येऊन बसलं. तू असतीस तर तुझं उत्तर तयार होतं. तेच उत्तर, ज्याच्या भरवशावर दोन वर्षं गेली. माझी पुस्तकं या मुलीच्या बाबतीत कुणाच्या बाजूनं आहेत, हे मला सांगता येईना. मी घरी येऊन सगळी चाळली. त्यांत मुलं होती, कान होते, भाषा होत्या. इंदू नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यातल्या त्या मुलीला फोन केला. मी विचारलं की आई दिवसभर भरपूर बोलेल अशी भाषा आणि आई गप्प होईल अशी भाषा, यांतली कोणती निवडायची.  ती म्हणाली की असं विचारलं तर पहिली, मॅडम, पण शाळेसाठी पुढे तुम्हाला फार कष्ट पडतील, आणि मी खात्री देत नाही.

मी टोल्यावर जाऊन इंदूला सांगितलं, तुझ्याच बोलीत बोल. समोर बसून बोल, तोंड दिसू दे, मशीन आली की ती घालून बोल, पण तुझ्याच बोलीत. मी हे तुझं ऐकून सांगितलं, की तुझ्या चुकीतून काहीच न शिकता सांगितलं, मला कळत नाही.  एका मुलीची भाषा ठरवून आले होते मी, ओट्यावर उभ्या उभ्या. तू हे काम रोज करायचीस आणि घरी येऊन भाजी फोडणीला टाकायचीस. तुझी ती निश्चिंती मला इतकी वर्षं अडाणीपणा वाटायची. आता वाटतं, ती असल्याशिवाय कुणी हे काम करूच शकणार नाही. आणि तिचीच मला धास्ती वाटते.

एक फरक मात्र मी केला आहे. मी आता विचारते. रोज संध्याकाळी इंदूला विचारते की आज घरी काय झालं, आणि तिला सांगते की आज माझ्याकडे काय झालं. तिला सुरुवातीला हा पोलिसी तपास वाटायचा. आता तीच वाटेवर उभी असते. मी तिच्याकडून शब्द शिकते आहे, कारण जूनमध्ये चंदाच्या तोंडाकडे बघून तिच्या बोलीत बोलणारं माझ्या आवारात कुणीतरी हवं. माझे उच्चार ऐकून इंदूची सासू पदर तोंडात कोंबून हसते. परवा म्हणाली, "मास्तरीणबाई पाणी मांगून राह्यल्या का दगड?" तू असतीस तर तू तिच्या बाजूनं हसली असतीस.

आणि माझ्या वर्गात मी आता मागून फिरते. मुलं पाटीवर काही लिहीत असली की मी शेवटच्या ओळीमागे उभी राहते आणि हलक्या आवाजात एकेकाला हाक मारते. कोण वळतं ते बघते. सगळी वळतात. तरी दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मारते. मुलांना हा खेळ वाटतो. मला तो थांबवता येत नाही. तुझ्या हाताखालून माझ्याकडे आलेली इतक्या वर्षांची मुलं मला आठवतात. गप्प बसणारी, समोरच्याचं पाहून करणारी, शहाणी म्हणून कौतुक केलेली. त्यांतल्या कुणाला आपण दोघींनी असंच पुढे पाठवलं असेल का? ती शंका तुझ्याबरोबर वाटून घेता आली असती तर अर्धी झाली असती. ती सगळीच माझ्याकडे आहे.

दादा विचारतो, इतकी गप्प का असतेस. मी म्हणते, परीक्षांचे पेपर तपासते आहे. तो माझ्यापुढे चहा ठेवतो. तुझ्यासारखा होत नाही, आलं फार घालतो.

मला तुझं ऋण सांगता येत नाही, वहिनी, कारण त्यातून तुझी चूक वेगळी काढता येत नाही. तू मूल मांडीवर घेतलंस, म्हणून ते घाबरलं नाही. ते घाबरलं नाही, म्हणून तुला ते बरं आहे असं वाटलं. तू सूरजला विसरली नाहीस, म्हणून चंदाला थांबवून धरलंस. यातला कोणता धागा ओढून बाहेर काढू?

चंदाच्या दोन्ही कानांचे साचे घेतले आहेत. मशीन अजून आलेली नाही. अंगणवाडीत नवीन नेमणूक झालेली नाही. इंदू रोज तिला समोर बसवून तिच्या बोलीत बोलते आणि चंदा तिच्या तोंडाकडे बघते. शाळा जूनच्या शेवटी उघडेल.